दोन नळ्यांवर नऊ एकर

मी एक जुनी तिफण आहे, मित्रांनो, आणि पहिल्यालाच सांगून ठेवते, माझी कीव करायची नाही. गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी दिसते म्हणजे ही आता संपली, असं कुणी समजू नये. बाभळीचं लाकूड आहे माझं. अजून दोन बैलांना घाम फोडीन.

तिफण म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. एक आडवं जाड लाकूड, त्याला खाली तीन दात. त्यांना फण म्हणतात. प्रत्येक फणातून वेळूची एक पोकळ नळी वर जाते आणि तिन्ही नळ्या वर एका लाकडी वाटीला येऊन मिळतात. ती वाटी म्हणजे चाडं. बैल पुढं ओढतात, मागून कुणीतरी चाड्यात मुठीने बी सोडत चालतं, आणि बी तीन तासांत, म्हणजे फणांनी पाडलेल्या तीन ओळींत, जाऊन पडतं. बस, एवढीच माझी करामत.

माझा जन्म अक्कलकोटच्या अलीकडच्या एका गावात, कोंडीबा सुताराच्या अंगणात झाला. मी ज्या घरी गेले तिथं अर्धं बोलणं मराठीत आणि अर्धं कानडीत चालायचं, म्हणून मला कुणी तिफण म्हणे, कुणी कूरगी. कोंडीबाने माझे फण चांगले लांब ठेवले. बघणाऱ्याने विचारलं, एवढे लांब कशाला? तर तो म्हणाला, "हितली ओल खाली असती बाबा. आखूड फणाची करून काय देवळात ठेवायची हाय का?"

तुम्हाला वाटेल, माझे फण कोंडीबाने ठरवले. छे! ते ठरवले इथल्या पावसाने. ढग समुद्राकडून येतात, घाटावर रिकामे होतात आणि आमच्या सोलापूरच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. तेही जून-जुलैत धड नाही. पडला तर सप्टेंबरात पडतो. पण माती काळी आणि पुरुषभर खोल. ती पाणी पिऊन पोटात ठेवते. म्हणून आमच्याकडे भारी रान पावसाळाभर मोकळं ठेवतात, कुळवून कुळवून भुसभुशीत करतात आणि पाऊस सरत आला की शाळू पेरतात. शाळू म्हणजे थंडीतली ज्वारी. तिच्यावर पुढं थेंब पडेलच असं नाही. ती मातीतल्या ओलीवर आणि दहिवरावर वाढते. रस्त्याने जाणारा परमुलखातला माणूस श्रावणात ही रिकामी रानं बघतो आणि म्हणतो, काय आळशी लोक आहेत, जमीन पडीक टाकलीय! असा संताप येतो मला! अरे बाबा, पडीक कुठली? पाणी पितंय ते रान.

त्या घरात गौरम्मा सून म्हणून आली आणि दुसऱ्याच वर्षी तिने चाड्यावर मूठ धरली. काय मूठ होती तिची! बी दाट नाही, विरळ नाही. गावातल्या बाया बांधावर थांबून बघायच्या. तिचा नवरा शिवपुत्र बैल हाकायचा, ती मागून चालायची आणि मी मधे डौलात. नऊ एकर काळं रान होतं त्यांचं. शेजारचं रान थोरला दीर चनबसप्पा याचं. अशी कितीतरी वर्षं सुखात गेली आणि मग आलं बहात्तर साल.

बहात्तरचं मी फार सांगणार नाही. पाऊसच आला नाही, त्यामुळे मला काम नव्हतं. बैलजोडीतला एक बैल छावणीत मेला. शिवपुत्र सोलापूरला गेला आणि सात रस्त्याजवळ खोली घेऊन एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागला. गौरम्मा दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि लेकरं सरकारने वाटलेल्या पिठाची सुकडी खाऊन राहायची. मी गोठ्यात धूळ खात पडले होते. माझ्या शेजारी एक मोठं मडकं होतं, तोंडाला शेण-मातीने लिंपलेलं. त्यात राख आणि लिंबाचा पाला घालून ठेवलेलं शाळूचं बी होतं. नऊ पायल्या. एकराला पायली, नऊ एकराला नऊ.

एका दुपारी धाकटी बसव्वा त्या मडक्याला मिठी मारून बसली. "अव्वा, भाकर कर की. ह्यात जुंधळा हाय, मला ठावं हाय."

गौरम्माने तिला उचललं, छातीशी धरलं, आणि दोघी रडल्या. पण मडकं फुटलं नाही. मी कुणाचं कौतुक सहसा करत नाही, मित्रांनो, पण त्या बाईपुढं मी त्या दिवशी मान खाली घातली.

पुढच्या वर्षी पाऊस आला. भादव्यात शिवपुत्र सोलापुराहून आला तो ठरवूनच. म्हणाला, "गौरा, लई झालं. तितं खोली हाय, नळ हाय. पोरं घेऊन चल. रान अण्णा करंल अर्धेलीनं." अण्णा म्हणजे चनबसप्पा. तो शेजारीच बसला होता आणि त्याला ते पसंत होतं.

"आन मी काय करू तितं?" गौरम्मा म्हणाली. "विड्या वळू?"

"सगळ्याच वळत्यात की."

"वळू द्या. मला शाळू येतोय. माझ्या हातात तेवढंच हाय, आन ते लई हाय."

बरीच वादावादी झाली. शेवटी शिवपुत्र म्हणाला, "बरं. येळवशीला मी येतो. रानात पीक उभं असंल तर ऱ्हा हितं. न्हायतर त्याच दिवशी ट्रंक भरायची." येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अवस. त्या दिवशी आमच्याकडे सगळं घर रानात जातं, उभ्या शाळूत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करतं आणि तिथंच जेवतं. गौरम्माने मान डोलावली.

आता ऐका तिची चूक. हो, चूक झाली तिच्याकडून, मी झाकणार नाही. उत्तरा नक्षत्रात आठ दिवस ऊन पडलं. दुष्काळाने पोळलेली माणसं ती, आठ दिवसांच्या उन्हानेच धास्तावली. चनबसप्पा धावत आला. "गौरव्वा, आभाळ गेलं बघ. ओल उडाय लागली. पेर, पेर!" दोघांकडे मिळून दोनच बैल उरले होते, एक त्याचा आणि एक हिचा. दोघांचं रान एकाच जोडीवर पेरायचं होतं. गौरम्माने मातीत कोपरापर्यंत हात घातला, मूठभर माती दाबून बघितली, आणि तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं, तिला ते पटलं नव्हतं. तरी ती दिराच्या घाईला बळी पडली. खालच्या तीन एकरांत आम्ही तीन पायल्या बी सोडलं. चौथ्या दिवशी हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा, पाऊस कोसळला आणि दोन दिवस बदाबदा पडत राहिला. मग कडक ऊन. वरची माती भाकरीगत भाजून निघाली आणि कोंब आतल्या आत गुदमरून मेले.

तीन पायल्या! ज्या बियाला तिने लेकराच्या तोंडापासून लांब ठेवलं होतं! गौरम्मा बांधावर बसून राहिली. पण चनबसप्पाच्या डोळ्यांत मला अर्धेलीच्या नऊ एकरांचा हिशेब दिसत होता.

रानाला वाफसा आला, म्हणजे चिखलही नाही आणि कोरडंही नाही, पेरणीजोगं झालं, तेव्हा गौरम्मा पहार घेऊन रानात गेली. चार ठिकाणी पहार मारली. दीड हातापर्यंत ती सरसर शिरली आणि मग खण्णकन थांबली. दुष्काळाने माती तळापर्यंत सुकवली होती. एका पावसाळ्याने तिची तहान भागली नव्हती. वर ओल, खाली कोरडं.

चनबसप्पा म्हणाला, "सा पायल्या उरल्यात. सा एकर पेर, तीन ऱ्हाऊ दे मोकळं. काय करणार?"

"सा एकरांत दाटी होतीया भावजी. दीड हात ओल हाय. तेवढ्या पाण्यावर एवढी ताटं जगतील व्हय?"

"मग?"

ती माझ्याजवळ आली. जुन्या इरकल लुगड्याची एक चिंधी तिने फाडली आणि माझ्या मधल्या नळीत, चाड्यातून आत, काठीने ठासून ठासून बसवली!

मित्रांनो, मी अशी भडकले! तिफण म्हणजे तीन. तीन फण, तीन नळ्या, तीन तासं. त्यातली मधली बंद? माझ्या उभ्या जन्मात असा अपमान झाला नव्हता. मला तोंड असतं तर मी तिला तिथल्या तिथं सुनावलं असतं.

"दोन तासं पेरायची, एक मोकळं," गौरम्मा म्हणाली. "सा पायल्यांत नऊ एकर हुतंय. आन मधल्या मोकळ्या पट्ट्यातली ओल दोन्ही अंगच्या ताटांना."

"येडी का खुळी तू?" चनबसप्पा ओरडला. "गाव हसंल! असली बोळकी तिफण मी हाकणार न्हाय. माझा बैल न्हाय मिळायचा."

"नका देऊ," ती शांतपणे म्हणाली. "पन तुमच्या रानाला माझा बैल लागतोयच की."

चनबसप्पाने आपला बैल सोडून आणला. मग बैलांच्या मानेवर जू ठेवलं. मी मनात म्हटलं, शाब्बास गं बाई! माझा राग तिथंच निम्मा झाला.

गाव हसलंच. बांधावरून माणसं ओरडायची, "गौरव्वा, तिफणीचं दात पाडलंस काय?" ती वर बघायची नाही. मूठ मात्र तीच, पहिल्यासारखी. तिसऱ्या दिवशी नऊ एकर पेरून झालं. मग चनबसप्पाने चिंधी उपटून काढली, आपल्या रानात तिन्ही नळ्यांनी दाट पेरलं आणि मला गौरम्माच्या रानातल्या लिंबाला टेकवून गेला. तिथून मला दोन्ही रानं दिसत होती.

पहिला महिना चनबसप्पाचा होता, हे कबूल करायला हवं. त्याचं रान हिरवंगार गच्च, आणि आमचं रान विरळ. दोन ओळी, मग मोकळी पट्टी. मला बघवेना. मग थंडी पडली, कोरडं वारं सुटलं आणि काळ्या रानाला भेगा पडू लागल्या. भेग पडली की ओल त्यातून निघून जाते. चनबसप्पाच्या दाटीत पाय ठेवायला जागा नव्हती. गौरम्मा मात्र मोकळ्या पट्टीतून कोळपं घालायची, भेगा बुजवायची. एकदा, दोनदा, तीनदा. बैल मिळाला नाही तेव्हा तिने आणि शेजारच्या शिवम्माने मिळून कोळपं हाताने ओढलं. मार्गशीर्ष लागला आणि चनबसप्पाचा शाळू खालून पिवळा पडायला लागला. पानांच्या सुरळ्या झाल्या.

येळवशीच्या सकाळी शिवपुत्र रिकामी ट्रंक घेऊनच एसटीतून उतरला. घरी कुणी नव्हतं, म्हणून ट्रंक खांद्यावर घेऊन तो तसाच रानात आला. आधी त्याला भावाचं रान लागलं. तिथं गुडघ्याएवढी ताटं वाळत होती, कणसं पोटरीतच, म्हणजे शेंड्याच्या पानांच्या आवरणातच, अडकली होती. तो मान हलवत पुढं आला आणि बांधावर थबकला. आमच्या रानात शाळू त्याच्या डोक्याच्या वर गेला होता. प्रत्येक ताटाला कणीस निसवलं होतं. आत पाच पांडव मांडून गौरम्मा आंबील शिंपडत होती.

शिवपुत्रने ट्रंक खाली ठेवली. एक ताट हाताने वाकवलं, कणीस तळव्यावर तोललं आणि सोडून दिलं.

"पानी दिलंस कुटनं?" त्याने विचारलं.

"कुटनं द्यायचं? हाय तेवढंच वाटून दिलं."

तो बराच वेळ ओळींमधून फिरत राहिला. परत आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "मग? ट्रंक..."

"आनलीया ती बरं केलं," गौरम्मा म्हणाली. "सुगीला बी ठेवायला हुईल. बसा जेवायला. आन मी येत न्हाय सोलापूरला, आज न्हाय आन कवाच न्हाय. काढणीला रजा काढून या. मानूस लागंल."

तो हसला, आणि पांडवांपुढं मांडी घालून बसला. चनबसप्पाला बोलवायला ती स्वतः बांधापर्यंत गेली. तो आला, आणि डाळ-पाल्याची भज्जी अन् भाकरी खाता खाता आमच्या रानातल्या मोकळ्या पट्ट्या मोजत राहिला.

पुढच्या हत्तीला तोच चनबसप्पा सकाळी सकाळी गोठ्यात आला. मला खांद्यावर घेतलं आणि दारात घुटमळला. "गौरव्वा, न्हेऊ का हिला? औंदा माझं बी दोनच नळ्यांनी पेरावं म्हंतो."

"न्या की. पन बी मी सोडणार."

"माझ्या रानात?"

"व्हय, तुमच्या रानात. मूठ माझी असंल तर तिफण न्यायची, न्हायतर ठेवा तिला खाली."

चनबसप्पाने मला खाली ठेवलं नाही. तो बैलांपुढं मुकाट्याने चालू लागला, आणि गौरम्मा ओटीत बी घेऊन त्याच्या मागून निघाली. ज्या नऊ एकरांवर त्याचा डोळा होता, त्यांच्या मालकिणीने त्या दिवशी त्याचंही रान पेरलं.

मित्रांनो, त्याला आता पाच वर्षं झाली. गावात लोखंडी तिफणी आल्यात, मला रोज कुणी विचारत नाही. असो. मी रडगाणं गाणारी नाही. माझं मागणं एवढंच, की माझ्या फणांचा गंज काढा, नळ्यांना भुंगा लागू देऊ नका, पावसात उघड्यावर टाकू नका. आणि शेती करायची असेल तर पाऊस केव्हा येतो, किती येतो, आणि आपली माती तो किती दिवस धरते, हे आधी हात कोपरापर्यंत घालून शिका. दुसऱ्या मुलखाची पेरणी आमच्या रानावर लादायला कुणी आलं, तर त्याला मी सरळ सांगेन, बाबा, आधी एक येळवस इथं उभा राहून बघ.