साहेबाच्या गाडीतला गरम श्वास

चैत्राच्या भर दुपारी गुणवंतराव मालगुजारांच्या अंगणात अख्खं गाव जमलं होतं. मालगुजारी जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. गोऱ्या जंगलसाहेबाकडून घेतलेली गाडी तेवढी उरली होती, आणि आता तिच्यात त्या मेलेल्या साहेबाचं भूत शिरलं होतं. इंजिन सुरू केलं की आतून कोणीतरी रडे, पायांवर गरम श्वास पडे, आणि त्या श्वासाला चक्क दारूचा वास!

"साहेब पीत होता ना बापा," लोक कुजबुजत.

भुताचं निदान देवाजी मिस्त्रीचं. "या गाडीचा एकेक नट मले ओळखते," असं तो सांगत फिरे. पायाशी असलेली लोखंडी पेटी मात्र त्याच्या ओळखीची नव्हती. पण मिस्त्रीनं तसं कबूल करायचं म्हणजे नाकच कापलं जायचं! म्हणून त्यानं छाती फुगवून सांगितलं होतं, "हे मशीनचं काम नोहोय. बाहेरचं हाये."

ते शहाणपण आता त्याच्याच अंगाशी आलं. त्याची लेक अन्नपूर्णा बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिलं मूल घरीच अडून दगावलं होतं, म्हणून या खेपेला तिला याच गाडीतून चांद्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. आणि आज भूत उतरवायला बोलावलेला धुनीबाबा ती गाडीच आपल्या मठात घेऊन निघाला होता.

बाबानं पुढच्या सीटवर बसून इंजिन सुरू करायला लावलं, रडणं उठलं, तशी त्यानं डॅशबोर्डावर भगवी शाल पसरली. "साहेब, गो! गो म्हनतो ना!" इंग्रजी भुताला इंग्रजी मंत्र. रडणं थांबलं. लोकांनी हात जोडले, देवाजीनं सगळ्यांच्या आधी.

अन्नपूर्णा पोट सावरत पुढे आली. दिवस भरत आल्यापासून तिला वास सोसत नव्हते. तिनं नाकाला पदर लावला.

"बा, हे दारू नोहोय. मोहफुलं सडली हायेत, अन् उंदराची घाण. हे महाराज शालीखाली काय करून राह्यले?"

तिनं शाल ओढली. बाबाचा अंगठा एका काळ्या बटणावर होता. तिनं बटण बाहेर ओढलं, भूत रडलं. आत दाबलं, गप्प झालं.

देवाजीचे कान तापले. दिव्याचं समजून ते बटण आठवड्यापूर्वी त्यानंच ओढलं होतं, आणि तसंच ठेवलं होतं.

त्यानं पेटी उघडली. आत छोटा पंखा, मोटर झिजून किंचाळणारी, उंदराचं घरटं आणि मूठभर मोहफुलं. मागे इंजिनाचं गरम पाणी आणणारी नळी.

"हिटर हाये," बाबा पुटपुटला. "साहेबाचे पाय शेकाले. नागपूरले मी मोटारीवर क्लीनर होतो."

चांद्याच्या उन्हात माणूस गाडीत शेगडी ठेवील, हे देवाजीच्या स्वप्नातही आलं नसतं. आपण चार दिवस उदबत्ती लावली ती शेगडीला, याची त्याला मनापासून लाज वाटली.

बल्लारपूरच्या भंगारातून त्यानं लष्करी ट्रकची तसलीच मोटर आणली. भोकं जुळेनात, तेव्हा पट्टी ठोकून बसवली. गरम पाण्याची नळी बंद केली.

"बा, हवा मस्त येऊन राह्यली," चांद्याच्या वाटेवर अन्नपूर्णा म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पहिलं मूल कशानं गेलं?"

'नजर लागली' हे शब्द देवाजीच्या ओठावर आले होते. त्यानं ते गिळले.

"मले माहीत नाई, साहेब. तुमी पाहा."

डॉक्टरांनी तपासलं, पोटातलं मूल आडवं होतं. वेळेवर इलाज झाला, नात धडधाकट जन्मली. तेव्हापासून देवाजी दिसेल त्याला सांगतो, "माहीत नाई तं माहीत नाई म्हना, अन् माहीत असनाऱ्याले विचारा. मी तसं म्हनलो नाई, म्हनून बाबाचं दुकान लागलं."