मयताच्या घरची चूल

काल दुपारी जिलालीला माती देऊन पुरुष परतले. मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटवायची नाही, जेवण शेजारणींनी पोचवायचं, हे आमच्या मेकनेस शहरातल्या गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही. मी लगेच लिंबू घालून कोंबडीचा रस्सा केला. रुकय्या, त्याची बायको, माझ्या जिवाभावाची.

पातेलं उचलणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "थांब गं तामू. हाज्जा यमना गेली का?"

हाज्जा यमना हजला जाऊन आलेली, गल्लीतली वडीलधारी. गच्चीच्या भिंतीवरून तिचं नि जिलालीचं वाजलं होतं, वर्षभर सलामही बंद.

"मेलेल्या माणसाशी कसलं भांडण?"

"मला नको शिकवू. तिच्या आधी गेलीस तर उद्या तिला तोंड काय दाखवशील? समोरची झहरा तरी गेलीय का बघ."

मी दार किलकिलं केलं. समोर झहराचंही दार तेवढंच उघडं. दोघींची नजरानजर झाली आणि दोघींनी दारं लावली. रस्सा आम्हीच खाल्ला. मेला चांगला झाला होता, मी दोनदा वाढून घेतला.

आज दुपारी रुकय्याच्या घरातून कांदा परतल्याचा वास आला. मयताच्या घरातून. माझं तोंड काळंठिक्कर पडलं. सासूबाईंना न विचारता घरात होतं ते पातेल्यात भरलं आणि निघाले. झहराही ताट झाकून बाहेर पडली होती. मागून हाज्जा आली, तिच्याही हातात पातेलं.

"तुम्ही काल गेला नव्हतात?" तिनं विचारलं.

"तुम्ही गेला नव्हतात, हाज्जा," मी म्हणाले. " आम्ही तुमच्याकडे बघत होतो."

"आणि मी तुमच्याकडे. म्हटलं, चौघी गेल्या की मागून शिरेन. आधी गेले असते तर लोक म्हणाले असते, मेल्यावर बरा पुळका आला म्हातारीला."

पांढऱ्या कपड्यातल्या रुकय्यानं दार उघडलं. रडून डोळे सुजलेले, हाताला कांद्याचा वास.

"माफ करा हं," तीच म्हणाली. "मामंजींना साखरेचा आजार. कालपासून पोटात काही नाही, हातपाय थरथरायला लागले. म्हणून पेटवली चूल."

शरमेनं माझी मान वर होईना. आमची भांडी तिनं कोपऱ्यात ठेवली, झाकणंसुद्धा उघडली नाहीत.

"आलात तशा बसा. दोन घास खाऊन जा. त्यांच्या नावानं आलेलं माणूस उपाशी नको जायला."

तिनं मसुराची आमटी नि रोटी आमच्यासमोर ठेवली. आधी तू जेव, एवढंच म्हणायचं होतं मला. मी झहराकडे पाहिलं, झहरानं हाज्जाकडे. हाज्जानं खाली मान घालून रोटी मोडली. मग झहरानं मोडली. मग मी.