हळदीनं लिहिलेला फळा

मित्रांनो, माझा रंग काळा आहे आणि तरीही मी लग्नाच्या मांडवात उभा राहिलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं.

मी एक जुना गुंडाळी फळा आहे. जन्म परंड्याचा. तिथल्या कोंडीराम रंगाऱ्यानं जाड मांजरपाटावर काजळी आणि सरस यांचे चार-चार हात दिले, तेही दोन्ही बाजूंनी. दोन टोकांना बांबूचे दांडे बसवले. दांड्यांची टोकं त्यानं घासून गोल केली. “लेकराच्या डोळ्यात जाईल,” एवढंच तो बायकोला म्हणाला. पुढच्या आयुष्यात इतकी लेकरं माझ्याखालून रांगत गेली, की मला त्या माणसाची फार वेळा आठवण झाली.

निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. गावोगावी मोठ्या माणसांसाठी मराठीचे वर्ग निघत होते. मला बेंबळीला पाठवलं. देवळामागच्या खोलीत दुपारी बायकांचा वर्ग चारुशीलाबाई घेत. त्या टपाल कारकून वसंतरावांची मुलगी, मॅट्रिक झालेल्या. दिवेलागणीला पुरुषांचा वर्ग मार्तंड गुरुजी घेत. ते तुळजापूरचे. दोघांत फळा एकच, म्हणजे मी.

गावाला डोळे फार. म्हणून ती दोघं कधी समोरासमोर बोलली नाहीत. पण माझ्या खालच्या कोपऱ्यात एक वीतभर जागा राखलेली असे. पहिल्या दिवशी बाईंनी तिथं लिहिलं, “पश्चिमेची भिंत ओली आहे. फळा पूर्वेला टांगावा.” दुसऱ्या दिवशी खाली एकच शब्द होता, “टांगला.”

मग असंच चालू राहिलं. “आज खडू एका लेकरानं खाल्ला. तूप चाटवलं. आता खेळतं आहे.” खाली उत्तर, “खडू वरच्या कोनाड्यात ठेवले आहेत. लेकरू आज कसं आहे?” एकदा बाईंनी लिहिलं, “काल येताना खोकला ऐकू आला. कोनाड्यात आलं ठेवलं आहे.” तो कोपरा दुसरं कोणी पुसत नसे. पुरुषांच्या वर्गातल्या श्रीमंत नावाच्या पैलवानानं एकदा हात उगारला, तर गुरुजी इतक्या जोरात “राहू दे” म्हणाले, की बिचारा दचकून खालीच बसला.

दोन वर्षांनी वसंतरावांनीच मार्तंड गुरुजींकडे मुलीची गोष्ट काढली. लग्न ठरायला अडचण आली नाही. अडचण झाली ती माझी.

नवरानवरीच्या मध्ये धरतात तो अंतरपाट पांढरा असतो, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक असतं. चारुशीलाबाई म्हणाल्या, “आमचा अंतरपाट हा फळा असेल. आमचं जे काही आहे ते ह्याच्यावरच झालंय.” गुरुजींना लहानाचं मोठं केलं ते त्यांच्या आत्यानं, मथुराबाईंनी. त्या तुळजापूरहून आल्या आणि मला पाहून त्यांनी पदर नाकाला लावला.

“काळं फडकं मध्ये धरून आजवर कुणाचं लग्न लागलंय का?”

“पहिलं आमचं लागेल, आत्याबाई.”

“अगं, लग्नाआधी तुमचं लिहिणं-वाचणं चालू होतं, हे चार लोकांत टांगायचं?”

“काही वाईट लिहिलेलं नाही. मग लपवू कशाला?”

वसंतराव मध्ये पडले. “पोरी, सासरची माणसं आहेत. फळा मागच्या दारी टांगू, हवं तर पाहुण्यांना दाखवू.”

“मागच्या दारी असेल, बाबा, तर मीही मागच्याच दारी बसते. भटजींना सांगा तिकडं यायला.”

वसंतरावांनी चष्मा पुसायला घेतला. बाबूराव भटजी पानाचा तोबरा सांभाळत म्हणाले, “मला काय, मधे पडदा हवा. रंगाचं तुमचं तुम्ही बघा.”

लग्नाच्या आदल्या दिवशी बाईंनी आपल्या हातानं माझ्यावर ती जुनी वाक्यं खडूनं लिहिली. सकाळी बघतात तो मी कोरा होतो. ओला होतो. मथुराबाईंनी पाण्याच्या फडक्यानं मला पुसून वाळत घातलं होतं. मित्रांनो, सरसाच्या अंगाला पाणी म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नाही. माझे पापुद्रे सुटले होते. पण त्याहून वाईट होता बाईंचा चेहरा. त्यांना नुकतीच उष्टी हळद लागली होती, म्हणजे गुरुजींना लावून उरलेली. तसेच पिवळे हात लोंबत ठेवून त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. खडूचा डबाही नाहीसा झाला होता.

वर्गातली नागूबाई तिथंच लेकराला पाजत बसली होती. ती म्हणाली, “बाई, रडून हळद वल्ली करू नगा. खडू कुनीबी पुसतंय. हळद कोन पुसंल?”

बाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग वाटीत बोट बुडवलं आणि माझ्या एका बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं. नागूबाईनं लेकरू वर्गातल्याच अयोध्याकडं दिलं, मला खांद्यावर टाकलं आणि नवऱ्याकडची मंडळी उतरली होती ते जानवसघर थेट गाठलं. नवरदेवानं माझी दुसरी बाजू लिहिली. मथुराबाई फडकं घेऊन उठल्याच.

“पुसा की, आत्याबाई,” नागूबाई म्हणाली. “तुमच्या मार्तंडाच्या अंगची हळद हाय. लगनाच्या दिवशी पुसून दावा.”

फडकं हातातच राहिलं. मथुराबाई खाली बसल्या.

मांडवात वसंतरावांनी एक दांडा धरला, श्रीमंत पैलवानानं दुसरा. गुरुजींच्या समोर होतं, “पश्चिमेची भिंत ओली आहे. फळा पूर्वेला टांगावा.” बाईंच्या समोर होता एकच शब्द, “टांगला.” मंगलाष्टक चालू असताना नवरी ओठ दाबून हसत होती आणि मुंडावळ्या हलत होत्या. मागं बसलेल्या वर्गातल्या अकरा बायका एकेक अक्षर लावून मला मोठ्यानं वाचत होत्या. भटजींना दोनदा थांबावं लागलं.

मथुराबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी नागूबाईला कोपरानं ढोसलं. “काय लिहिलंय गं?”

नागूबाईनं वाचून दाखवलं.

“एवढंच? भिंत ओली आहे?”

“येवढंच.”

“मला वाटलं काय काय असेल. मग ह्याच्यासाठी एवढं भांडली?”

“भिंत वल्ली हाय, हे तरी कोन सांगतंय आत्याबाई? माझा दादला तर माझ्याच अंगावर पानी गळंस्तवर बोलत न्हाय.”

अक्षता टाकताना मथुराबाईंनी पहिली मूठ माझ्यावर टाकली. चुकून असेल. मी मात्र ती मोजून ठेवली आहे.

पुढं बेंबळीच्या, तामलवाडीच्या चार-पाच लग्नांत मला नेलं. प्रत्येक जोडीनं आपलं आपलं लिहिलं. मग शाळेला लाकडी फळा आला आणि मला माळ्यावर टाकलं. उंदरांनी एक कड खाल्ली. परवा नवे गुरुजी मला उलगडून म्हणाले, “हा डागाळलाय. सोड्यानं धुवा, नाहीतर टाकून द्या.” मित्रांनो, हा डाग नाही आणि मी धुवून घेणार नाही.

मला जपायचं तर कोरड्या फडक्यानं पुसा, गुंडाळीत कडुलिंबाचा पाला घाला, लहान लेकरांपासून दांडे उंच ठेवा. घरात ताईचं, दादाचं लग्न निघालं, तर मला न्या. माझ्यावर मोर-कमळं काढू नका. त्या दोघांनी एकमेकांची काय काळजी घेतली, ते त्यांचं त्यांनाच लिहू द्या. कोणी म्हणालं, की काळं नको, तर वाद घालत बसू नका. एका टोकाला तुम्ही धरा, दुसऱ्या टोकाला कोणीतरी धीराचं माणूस शोधा. मंगलाष्टकं लांबतात, हात भरून येतात. तरी खाली ठेवू नका.