पिस्तूल पास, घर नापास

कॉय हॅस्केटच्या दुकानात प्रत्येक पिस्तुलाखाली पुठ्ठ्याचं एक कार्ड असे आणि त्यावर कॉयच्या किरट्या अक्षरात त्या पिस्तुलाचा निकाल. सव्वीस वर्षं शेरीफच्या हाताखाली काढलेला हा म्हातारा स्वतः दोनशे गोळ्या झाडल्याखेरीज कुठल्याही पिस्तुलाबद्दल तोंड उघडत नसे. चांगल्या महागड्या पिस्तुलाखालीही तो 'नुसता तोरा' असं लिहून मोकळा व्हायचा आणि मग ते खपत नाही म्हणून बायकोची बोलणी खायचा. ओक्लाहोमाच्या त्या कोपऱ्यात लोकांचा पाद्रीबाबांपेक्षा त्या कार्डांवर जास्त विश्वास होता, असं म्हटलं तर पाद्रीबाबाही नाही म्हणणार नाहीत.

मेच्या शेवटच्या शनिवारी नेड्रा सिल्स त्या दुकानात आली ती ही कार्डं वाचायलाच. शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचे पाव मळणारी बाई, वय बेचाळीस, बोलायला कमी. तिचा जबडा डाव्या बाजूला जरा वाकडा बसला होता. तो मोडणारा तिचा आधीचा नवरा डॉइल जिल्ह्याच्या तुरुंगात अकरा महिने काढून बारा जूनला, गुरुवारी, सुटणार होता. कोर्टातून त्याला बाहेर नेताना तो तिच्या बाकाशी क्षणभर थांबला होता आणि अगदी हळू, प्रेमाने म्हणावं तसं म्हणाला होता, "घरी भेटू." त्याने तिच्याजवळ फिरकू नये असा कोर्टाचा कागद तिच्याकडे होता. पण कागद दाखवून डॉइल थांबला असता तर जबडा कशाला मोडला असता? आणि शेरीफची गाडी तिच्या दारात पोचायला चाळीस मिनिटं लागत.

गल्ल्यावरच्या दुसऱ्या माणसाने तिला पाहिल्याबरोबर तळहाताएवढं एक गुलाबी पिस्तूल पुढे केलं. बायकांना असलंच द्यायचं, ही इथल्या पुरुषांची जुनी खोड. कॉयने ते बाजूला सारलं. जेवढं लहान तेवढी स्प्रिंग ताठ आणि तेवढा जोराचा झटका, हे त्याने तिला समजावून सांगितलं आणि खालच्या फळीवरून एक काळं, आटोपशीर पिस्तूल काढलं. फार मोठं नाही, फार चिमुकलंही नाही. एक गोळी झाडली की दुसरी आपोआप वर येणारं. कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, किंमत दोनशे साठ डॉलर, आणि कार्ड कोरं.

"याची परीक्षा अजून व्हायचीय," कॉय म्हणाला. "तूच घे. हात तुझे, भीती तुझी. मी नुसता गुण देतो."

मग पुढचे तीन दिवस दुकानामागच्या चांदमारीत नेड्रा ते पिस्तूल तपासत राहिली. वरची स्लाइड मागे खेचायला कठीण होती, पण कणीक मळून मळून तिच्या मनगटांत जोर आलेला होता, ते जमलं. चाप ओढताना मध्येच खरखर लागायची. नेम धरायचे पांढरे ठिपके ढोबळ होते, तरी सात पावलांवरून कागदी माणसाच्या छातीत तिच्या गोळ्या बशीएवढ्या जागेत बसू लागल्या. सात पावलं हे अंतर तिनेच सांगितलं होतं. तिच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे पत्र्याच्या लांबट डब्यासारख्या घरात, त्याहून लांब कुठून कुठे उभं राहता येईल असं तिला वाटत नव्हतं. एकशे सदतिसाव्या गोळीला रिकामी पुंगळी बाहेर न पडता पिस्तुलातच अडकली. कॉयने दोष स्वस्त गोळ्यांना दिला, दुसऱ्या गोळ्या आणल्या. पुढच्या शंभर बिनबोभाट गेल्या. सोबत आलेल्या, गोळ्या भरायच्या दोन मॅगझिनपैकी एकाची स्प्रिंग ढिली निघाली, ते त्याने कचऱ्यात टाकलं. मग कार्डावर त्याने लिहिलं: 'दिसायला गरीब, वागायला सरळ.' कॉयकडून इतकं कौतुक फार कमी पिस्तुलांच्या वाट्याला आलं होतं.

नेड्राला वाटलं, झालं. कितीतरी दिवसांनी तिने पोटभर जेवण केलं, राजमा आणि मक्याचा पाव. पण कॉयचं समाधान झालं नव्हतं. बंदूक घेणारा जो तो बंदुकीला पारखतो, घराला कुणी पारखत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. चुकलेली गोळी घरच्याच माणसाला लागलेलं एक घर त्याने नोकरीत पाहिलं होतं. त्याबद्दल तो कधी बोलत नसे.

नऊ जूनला, सोमवारी, तो तिच्याकडे आला. विटांच्या ठोकळ्यांवर बसवलेला तिचा ट्रेलर, पूर्वपश्चिम लांबच लांब, रुंदीला चौदा फूट. मधोमध दार, तिथेच स्वयंपाकाची आणि बसायची जागा. पश्चिमेच्या टोकाला नेड्राच्या आईची, ओलिटाची खोली आणि तिला लागून मोरी-संडास. पूर्वेच्या टोकाला मुलगी टेसा, वय पंधरा. नेड्रा स्वतः दारासमोरच्या कोचावर झोपायची. ओलिटाला फुप्फुसांचा आजार होता. तिच्या नाकात प्राणवायूची नळी असे आणि हातात कायम विणकाम. कॉयने तिच्याकडून लाल लोकरीचा गुंडा मागून घेतला, तर ती म्हणाली की म्हातारपणी मागणी घालायची ही नवीनच तऱ्हा दिसतेय.

कॉयने धाग्याचं टोक नेड्राच्या हातात दिलं, तिला कोचाशी उभं केलं आणि चुकलेली गोळी जाईल त्या रेषेत धागा ताणत दारातून बाहेर गेला. दहा फुटांवर शेजारचा ट्रेलर. धागा जिथे टेकला तिथे आतल्या बाजूला चार महिन्यांच्या बाळाचा पाळणा होता. त्याने नेड्राला जागा बदलायला लावलं. स्वयंपाकाच्या ओट्याकडून धागा गेला तो ओलिटाच्या उशीवर. ओलिटाच्या दारातून टेसाच्या पलंगावर आणि तिथून बाहेर रस्त्यावरच्या शाळेच्या बसथांब्यावर. दक्षिणेकडे भिंतीबाहेर गॅसची मोठी टाकी. ट्रेलरच्या भिंती म्हणजे पातळ पत्रा आणि आत कापूस. गोळी अशा चार भिंती सहज पार करते. तासाभरात सगळं घर लाल धाग्यांनी भरलं, आणि ज्या ज्या धाग्याच्या टोकाला नेड्रा गेली तिथे बहुतेक कुणाचं तरी अंथरूण होतं.

"पिस्तूल पास," कॉय शेवटी म्हणाला. "घर नापास."

"मग मी काय करू, मिस्टर कॉय? घर कुठून आणू दुसरं?"

त्याने टोपी काढली, परत घातली. नेड्राची बहीण टल्सा शहरात चौथ्या मजल्यावर एका खोलीत राहत होती. तिथे ओलिटाला जिने चढवणं शक्य नव्हतं, हे तिने त्याला आधीच सांगितलं होतं. तो पुन्हा आत गेला, भिंती ठोकत फिरला आणि बऱ्याच वेळाने टेसाच्या खोलीतून त्याने हाक मारली.

एकच दिशा होती. ओलिटाच्या खोलीपलीकडे तळ्याचा बांध होता, तांबड्या मातीचा, दोन पुरुष उंच. तिघी जर पूर्वेच्या टोकाला टेसाच्या खोलीत राहिल्या आणि बाकीचं घर रिकामं असलं, तर दारातून आत आलेला माणूस त्यांच्या पश्चिमेला सापडणार होता आणि चुकलेली गोळी थेट बांधात जाणार होती. बसथांबा पाठीमागे, पाळणा बाजूला. धागा एकटा, सरळ, मातीपर्यंत गेला. मात्र एक अट होती, कॉयने ती दोनदा सांगितली. संध्याकाळी एकदा आत गेलं की सकाळपर्यंत तिघींपैकी कुणीही त्या धाग्यावर पाऊल ठेवायचं नाही.

बुधवारी त्यांनी सामान हलवलं. दहा बाय बारा फुटांची खोली. टेसाच्या पलंगावर ओलिटा, खाली गादीवर त्या दोघी, उशाशी घरघरणारं प्राणवायूचं यंत्र. रस्त्याकडच्या खिडकीला नेड्राने फळी ठोकली. पळायला वाट राहावी म्हणून कॉयने खिडकी उघडी ठेवायला सांगितलं होतं, पण तिचं तेवढं धाडस झालं नाही. दाराला आतून कपड्यांचं कपाट लावायचं, वर नेम धरायला एक फट ठेवायची. मोरी-संडास पश्चिमेला, धाग्याच्या वाटेवर, म्हणून कोपऱ्यात झाकणाची बादली आली. ओलिटा त्या बादलीकडे बघत राहिली.

"बाहत्तर वर्षांत मी हे कुणासमोर केलं नाही, नेड्रा," ती म्हणाली. विनोद केला नाही. नेड्राला लाज वाटली आणि तिने आईकडे बघणं टाळलं.

गुरुवारी सकाळी तुरुंगाच्या यंत्राचा फोन आला. निर्विकार आवाजाने कळवलं की डॉइल सिल्स याची सुटका झाली आहे. डॉइल कामावरून सुटला की दोन ग्लास रिचवून सातच्या सुमाराला घरी यायचा, म्हणून नेड्राने सात ही वेळ ठरवली. त्या दिवशी तो आला नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. रविवारी चर्चबाहेर कुणीतरी सांगितलं की तो पेट्रोल पंपावर बरिटो खाताना दिसला, मजेत होता, शीळ घालत होता. सोमवारी कुणी म्हणालं की मासे धरायला गेलाय. अख्खा गाव डॉइलला कुठे ना कुठे भेटत होता. तो सगळीकडे हिंडत होता आणि या तिघी रोज सातला कपाट सरकवत होत्या.

तिसऱ्या आठवड्यात कॉय मुद्दाम सांगायला आला की डॉइलला टेक्सासच्या पार पश्चिमेला तेलाच्या विहिरीवर काम मिळालंय. त्याने स्वतः फोन करून खात्री केली होती. साडेचारशे मैल. "बाहेर या आता," तो म्हणाला. नेड्राने मान हलवली, त्याला गोड चहा दिला, बर्फ जास्त घालून. साडेचारशे मैल म्हणजे गाडीने सात तास, हा हिशेब तिच्या डोक्यात त्याच्यासमोरच होऊन गेला होता.

त्या दिवशीही सात वाजले. जूनअखेरचं ऊन अजून लख्ख होतं. शेजारची मुलं बाहेर चेंडू खेळत होती, त्यांचा आवाज फळीच्या फटीतून येत होता. नेड्राने कपाट लावलं आणि पिस्तूल मांडीवर घेऊन बसली. टेसा उठली. तिला मैत्रिणीकडे केक खायला जायचं होतं, वाढदिवस होता, नऊपर्यंत परत येईन, तो तर टेक्सासला आहे, असं ती शांतपणे, ओळीने सांगू लागली. सांगता सांगता तिने कपाटाला हात घातला.

"बस खाली," नेड्रा म्हणाली.

आवाज चढवला नव्हता. टेसा थांबली. तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, आधी आईच्या हाताकडे पाहिलं. मग कपाटावरचा हात काढून घेतला, गादीच्या कडेला बसली, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि मान खाली घातली. श्वाससुद्धा बेताने घेऊ लागली.

नेड्राला ते बसणं ओळखीचं होतं. चौदा वर्षं ती स्वतः स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर अगदी तशीच बसत आली होती, तळवे दिसतील असे, मान खाली, समोरच्याचा राग आपल्या अंगावरून निघून जाईपर्यंत. हे तिने मुलीला शिकवलं नव्हतं. मुलीने बघून बघून उचललं होतं, आणि आज ते आईसमोर वापरलं होतं. पलंगावर ओलिटाच्या सुया थांबल्या होत्या. तिलाही कळलं होतं.

नेड्राला म्हणायचं होतं, जा गं, केक खाऊन ये. शब्द तोंडात तयार होते. तिने पिस्तूल मांडीवरून उचलून पलंगाखाली ठेवलं, उठली आणि कपाटाला खांदा लावला. बाहेर एक गाडी वळली, कुणाची तरी, आणि पुढे निघून गेली. ती बराच वेळ तशीच खांदा लावून उभी राहिली. कपाट काही तिने हलवलं नाही.