परातीचा तिसरा वास

“दुसरा आला,” मागच्या पायरीवर बसलेली रहिमुन्निसा म्हणाली आणि डाव्या हातातली सुरी तिने लसणाच्या पुढच्या पाकळीला लावली. “भिजल्या घोंगडीगत येतोय. तुमी बसा गुमान. झाकणाला हात लावू नका.”

बदरुद्दीन गुमान बसला. मांडव्याच्या फरामजी सेठच्या बंगल्यात तो बबर्ची होता, आणि त्याच्या स्वयंपाकघरात त्याला ऊठ-बस सांगायची छाती खुद्द सेठचीही नव्हती. पण शनिवारी दुपारची ही अर्धी घटका तो बायकोच्या हुकमतीखाली काढी.

“आला तिसरा. भाजले काजू. काढा.”

त्याने वरच्या निखाऱ्यांसकट पत्र्याचं झाकण उचललं. आत निळ्या काठाची इनॅमलची परात होती आणि परातीत पिकल्या आंब्याच्या रंगाचा एक फुगीर डोंगर हळूहळू श्वास घेत होता. बदरुद्दीनने तो फडक्यात धरून पुढच्या व्हरांड्यात नेला. तिथे मुंबईहून मचव्याने आलेली दहा-बारा पारशी मंडळी भाजलेल्या पावाचे काप हातात घेऊन लढाईच्या पवित्र्यात उभीच होती.

या पदार्थाला बंगल्यात ‘बदरूनी परात’ म्हणत. खाली दुधात भिजवलेला पाव, त्यावर कोळंबी, अंडी, मिरपूड आणि सगळ्यांवर किसलेलं चीज. परात मधोमध ठेवायची आणि सगळ्यांनी चारी बाजूंनी एकदम तुटून पडायचं. चीजच्या तारा मनगटापर्यंत लोंबत आणि एरवी काट्या-चमच्याशिवाय केळंही न खाणारे लोक बोटं चाटत. सेठलोकांची ही एकच रीत बदरुद्दीनला पटलेली होती. मोहल्ल्यात त्याच्या घरीही सगळे एकाच थाळ्याभोवती बसत.

चीजचा पहिला डबा बंगल्यात आला तेव्हा बदरुद्दीन नमाजाला गेला होता. नामा माळ्याने तो उघडला, पिवळी वडी पाहिली आणि विहिरीवर जाऊन त्याच वडीने सेठचे दोन सदरे धुतले. फेस येईना म्हणून त्याने आणखी जोर लावला. पुढे चार दिवस सेठ व्हरांड्यात एकटाच बसे आणि कुत्रं मात्र त्याच्या अंगाशी लागून बसे. नामाने बंगल्याच्या नोकरीत केलेली ती एकमेव चूक. बाकीच्या त्याने कबूल केल्या नाहीत.

बदरुद्दीनची अडचण वेगळी होती. चीज घट्ट करायला कुठल्याशा जनावराच्या पोटातलं काहीतरी घालतात, असं त्याच्या कानावर आलं. जनावर कुठलं ते डब्यावर लिहिलेलं नव्हतं. तो हमदुल्ला मुल्लाजींकडे गेला. मुल्लाजींनी डबा हातात घेतला, उलटा केला, वास घेतला आणि बराच वेळ डोळे मिटून बसले. मग म्हणाले, रोजी आहे, शिजवायला हरकत नाही. मात्र जिभेला लावू नकोस.

बदरुद्दीनने ते पाळलं. दहा वर्षं त्याने ती परात न चाखता केली. चाखून उपयोगही नव्हता. वेळेआधी झाकण उघडलं की फुगलेलं सगळं बसे आणि वेळ टळली की खालून करपे. म्हणून त्याने नाक लावलं. करवंट्यांचे निखारे खाली-वर ठेवले की पहिल्यांदा उतू गेलेल्या दुधाचा वास येई, मग ओल्या घोंगडीचा आणि शेवटी भाजल्या काजूंचा. तो तिसरा वास आला की काढायचं. या तीन वासांवर त्याने नाव कमावलं होतं.

मग एका शिमग्यात तो तापाने फणफणला. ताप उतरला आणि जाताना नाक घेऊन गेला. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. रहिमुन्निसाला संशय आला, कारण शेजारच्या आबिदाने भाजलेल्या सुकटीने सगळा मोहल्ला खोकत असताना हा पठ्ठ्या शांतपणे तसबीह फिरवत बसला होता. दुपारी तो झोपला तेव्हा तिने एक चांगला मुरलेला बोंबील त्याच्या नाकाशी धरला. तो झोपेत हसला. तिला रडू आलं, पण ते तिने पदरात पुसलं आणि त्याला उठवून विचारलं, “किती दिस झाले?”

“म्हैना,” तो म्हणाला. “बाईंना कळलं तर काढून टाकतील. नाकाशिवाय बबर्ची म्हंजे हातपाय नसलेला हमाल.”

“मग माजं नाक न्या,” ती म्हणाली. “तुमच्या नाकापेक्षा दिसायला बरं हाय.”

त्या शनिवारपासून ती पांढरी चादर पांघरून त्याच्याबरोबर येऊ लागली. मागच्या पायरीवर बसायला काहीतरी निमित्त हवं, म्हणून तिने लसूण सोलायला घेतला. परातीत लसूण नसे. तरी चार वर्षं तो सोलला गेला. निखारे ठेवले की ती पहिल्या गड्डीला हात घाली आणि दुसऱ्या गड्डीच्या चार पाकळ्या उरल्या की तिसरा वास येई. निखारे जास्त असोत की कमी, चार पाकळ्या उरतच. निखारे पाहून ती हात सैल किंवा घट्ट करी की काय, ते त्याने कधी विचारलं नाही. सोललेला लसूण ती बंगल्यात ठेवी. उरलेल्या चार पाकळ्या चादरीच्या टोकाला बांधून घरी नेई आणि त्यांचीच फोडणी रात्रीच्या डाळीला देई. मालकाचा लसूण न विचारता नेणं बरं नव्हे, म्हणून गड्ड्या ती घरूनच आणी, हेही इथे सांगितलं पाहिजे.

आणि सोलताना तिचं तोंड चाले. दर पाकळीमागे एक टोमणा. सांधेदुखीने बोटं आखडलेली होती, म्हणून सोलणं सावकाश आणि बोलणं सविस्तर.

गेल्या पौषात ती पोटाच्या दुखण्याने गेली. आठ दिवस अंथरुणावर होती. सातव्या दिवशी तिने त्याला जवळ बोलावून सांगितलं, की कोळंबी आणताना बघून आणा, तुमाला शिळी कळायची न्हाय. एवढंच.

चाळिसावा झाला आणि तिसऱ्याच दिवशी सेठाणी दिनबाईंचा निरोप आला. सेठच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, मुंबईहून मुलाकडची चाळीस माणसं शनिवारी येणार होती, आणि भरतीला मचवा परत सुटायच्या आत, चार वाजता, परात मेजावर हवी होती. होणाऱ्या व्याह्यांचा गोवेकर बबर्ची बरोबर येतोय, असंही बाई जाता जाता म्हणाल्या. बदरुद्दीनला मदतीला. सेठ त्याला ठेवून घ्यायच्या विचारात होता, हे नामाकडून कळलं. नामाला बंगल्यातलं सगळं कळत असे, फक्त झाडांचं सोडून.

शनिवारी दुपारी बदरुद्दीनने परात भरली आणि निखारे रचले. गोवेकराला त्याने पाव भाजायला पुढच्या अंगणात धाडलं. मग नामाला बाजूला घेऊन पहिल्यांदाच सगळं सांगितलं आणि त्याचं नाक मागितलं.

नामा गंभीर झाला. “दिलं असतं, बदरूभाय. पण चाळीस वरसं तपकीर वढतोय मी. मला आता गुलाबाचं न् शेणाचं सारखंच लागतंय.”

“मग जा.”

“जरा उघडून बघ की मधीच.”

“बसेल सगळं. तू जा, नामा.”

नामा गेला. बदरुद्दीनने झाकणावर निखारे ओतले आणि तो उभा राहिला. पत्रा तडतडला. आत काय चाललं होतं, त्याला काहीही कळत नव्हतं. पाण्याला नसतो तसा हवेलाही वासच नव्हता. पुढून हसण्याचा आवाज आला. मागच्या पायरीवर कोणी नव्हतं.

त्याने पिशवीतून दोन गड्ड्या काढल्या. त्या त्याने सकाळी घरून निघताना घेतल्या होत्या. का घेतल्या, ते तेव्हा त्यालाही सांगता आलं नसतं. तो पायरीवर तिच्या जागी बसला आणि त्याने पहिली पाकळी सोलली.

फार लवकर सोलली. तीस वर्षं चुलीपुढे काढलेला बबर्ची तो. दोन गड्ड्या त्याच्या हाताला काहीच नव्हत्या. या वेगाने परात कच्चीच निघाली असती. त्याने सुरी डाव्या हातात घेतली. हात अडखळू लागला, तरी वेग जास्तच होता. मग त्याच्या ध्यानात आलं, की यात बोलणं राहिलंय.

“दाढीला मेंदी लावलीत ती कुणासाठी?” तो हळूच म्हणाला आणि तिच्याएवढा थांबला. दुसरी पाकळी. “आबिदाची कोंबडी आपल्या परसात अंडी घालते, तर ती अंडी आबिदाची का?” पुन्हा थांबला. तिला उत्तर हवं असे. त्याने तेही दिलं. “आबिदाचीच गो.” “आबिदाचीच म्हणता. मग कोंबडीनं दाणे कुणाचे खाल्ले?”

असं करत पहिली गड्डी संपली. टोमणे सगळे पाठ होते. त्यातले निम्मे तेव्हा त्याने ऐकलेच नव्हते, असं त्याला वाटत आलं होतं. मधेच एक पाकळी नुसतीच हातात राहिली. तेवढा वेळ जास्त जाऊ नये म्हणून पुढचा टोमणा त्याने आखूड केला.

“बदरुद्दीन, कोनाशी बोलतोस?”

दारात दिनबाई उभ्या होत्या. नवी गारा साडी, हातात पंखा.

“लसूण सोलतोय, बाई.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पायरीकडे पाहिलं. “आपल्या परातमां लसन क्यांथी?” त्या म्हणाल्या.

“नसतो, बाई.”

“ए तो मने मालूम छे. चार वरस थया.” मग बाहेरून मदतीला येणाऱ्या गोवेकराला त्यांनी पंख्यानेच अडवलं आणि व्हरांड्यात परत नेलं.

दुसऱ्या गड्डीच्या चार पाकळ्या उरल्या. बदरुद्दीन उठला, बिस्मिल्ला म्हणाला आणि त्याने झाकण उचललं.

परात पुढे गेली. पंधरा मिनिटांत ती परत आली. तळाशी पावाच्या कापाने निपटायलाही काही उरलं नव्हतं. काठाला चिकटलेलंसुद्धा कोणी तरी सुरीने खरवडून नेलं होतं. गोवेकर परात घेऊन आला होता. तो म्हणाला, चाचा, नेमकी वेळ कशी साधता, ते मला शिकवा. बदरुद्दीनने मान हलवली, आणि त्याचा अर्थ हो की नाही ते गोवेकराला कळलं नाही.

मचवा भरतीवर निघून गेला तेव्हा ऊन अजून माडांच्या शेंड्यांवर होतं. सोललेला लसूण बदरुद्दीनने बंगल्याच्या वाडग्यात ठेवला. उरलेल्या चार पाकळ्या रुमालाच्या टोकाला बांधल्या आणि तो चालत घरी आला.

चूल ती गेल्यापासून पेटलेली नव्हती. जेवण आबिदाकडून येई. त्याने रुमालाची गाठ सोडली आणि चारही पाकळ्या चुलीच्या डाव्या अंगाला ठेवल्या, तिच्या हाताला लागतील अशा.