दुहेरी अक्षरांचा रुपया

मी एक जुना चांदीचा रुपया आहे, आणि माझ्या पाठीवरची अक्षरं दोनदा उमटलेली आहेत. डोळे चोळू नका, मित्रांनो. चूक तुमच्या डोळ्यांची नाही आणि माझीही नाही. पण एवढं साधं लोकांना पटेपर्यंत एका आईची अब्रू जायची वेळ आली होती. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म एका दूरच्या टांकसाळीत झाला. कोणत्या ते विचारू नका, जन्मगावाची नालस्ती करणं मला आवडत नाही. तिथे नाणं घडवायचं तर आधी पोलादाचा ठसा घडवावा लागे. ठसा म्हणजे उलटा साचा. त्यात जे खोल असेल ते नाण्यावर उंच उठून दिसतं. हा ठसा तयार करताना पोलादावर मूळ नमुना जोराने दाबत. एका दाबात तो पुरता उमटत नसे, म्हणून पोलाद तापवून मऊ करायचं आणि नमुना पुन्हा त्याच जागी दाबायचा. माझ्या ठशाच्या वेळी दुसरा दाब केसभर सरकून बसला. त्यामुळे ठशातच प्रत्येक अक्षर दोनदा खोदलं गेलं, आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढे त्या ठशाखाली चांदीच्या जेवढ्या कोऱ्या चकत्या गेल्या, तेवढ्या सगळ्या माझ्यासारख्याच निघाल्या. म्हणजे मला भावंडं पुष्कळ होती. पण जन्मल्याबरोबर आम्हाला पोत्यांत भरून चहूकडे पाठवलं, आणि आमची ताटातूट झाली.

फिरत फिरत मी यवतमाळ जिल्ह्यात आलो. कापसाच्या हंगामात बोरी अरबच्या बाजारात मी एका बंजारा माणसाच्या हाती पडलो. त्याने मला खर्च न करता बायकोसाठी राखून ठेवलं. सोनाराने माझ्या डोक्यावर कडी जोडली, आणि मी तिच्या रुपयांच्या हारात जाऊन बसलो. ती म्हातारी झाल्यावर हार तिच्या लेकीकडे, मानीबाईकडे आला. मानीबाईचा तांडा फुलसावंगीच्या जवळ होता. ती शेतात वाकली की आम्ही सगळे खुळखुळत पुढे यायचो, आणि उभी राहिली की पुन्हा जागेवर.

हारातले माझे शेजारीही एकेक नमुना होते. एकाची कड चंद्रकोरीएवढी कमी होती, कारण त्याची चकती पत्र्याच्या अगदी टोकाला कापली गेली होती. एकाच्या गालावरून बारीक उंच रेघ गेली होती. त्याच्या ठशाला तडा गेला होता, आणि त्या फटीत चांदी शिरली होती. एकावरचं चित्र एका बाजूला सरकलेलं होतं. आम्ही एकमेकांना खूप चिडवायचो. मला ते ‘तोतरा’ म्हणायचे. मी रागवायचो, कारण मी जरा मानी स्वभावाचा आहे.

पुढे नवे पैसे आले. मुलं ती चकचकीत नाणी तळहातावर घेऊन सोळा आण्यांऐवजी शंभर पैशांचा नवा हिशेब शिकू लागली. आम्हा चांदीच्या रुपयांना बाजारात कुणी विचारीना. आता आम्ही फक्त दागिना होतो. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण गल्ल्यापेक्षा गळा बरा.

त्यानंतर काही वर्षांनी मानीबाईच्या लेकीचं, सोनीबाईचं लग्न झालं. ढाणकीकडच्या एका तांड्यात तिला दिली. पाठवणीच्या वेळी मानीबाईने हार स्वतःच्या गळ्यातून काढून लेकीच्या गळ्यात घातला. त्या दिवशी मी पहिल्यांदा मानीबाईला रडताना पाहिलं, आणि मलाही भरून आलं.

सोनीबाईची सासू भुरीबाई मनाने वाईट नव्हती, पण एकदा पोळलेली होती. तिच्या थोरल्या सुनेच्या माहेरून आलेले वाळे आतून तांब्याचे निघाले होते. तेव्हापासून माहेरचा दागिना आला की ती उलटासुलटा करून पाही. दिवाळीला तिने आमचा हार चिंचेच्या पाण्यात घासून लख्ख केला, आणि उजेडात धरला तर माझी अक्षरं दुहेरी. भुरीबाईला वाचता येत नव्हतं, पण डोळे तिखट होते. इतर रुपयांवर एकेरी आणि याच्यावरच दुहेरी, म्हणजे हा कुणी चोरून पाडलेला रुपया, असं तिने धरलं. त्याच संध्याकाळी हार सोनीबाईच्या गळ्यातून उतरला. नवी नवरी विहिरीवर उघड्या गळ्याने जाऊ लागली, आणि बायका काय ते समजल्या.

गोष्ट तांड्याचा नायक सेवादास याच्यापर्यंत गेली. मानीबाईला बोलावणं आलं. सेवादास न्यायी माणूस होता. त्याने मला दगडावर टाकून पाहिलं, पण कडी जोडलेला रुपया बद्द वाजतो. तराजूत घातलं, तर कडीचं वजन मध्ये आलं. शेवटी त्याने सांगितलं की सोनाराकडून छिन्नी मारून घेऊ. आत तांबं निघालं तर मानीबाईने सगळ्यांसमोर हार परत न्यायचा.

मानीबाईला तांब्याची भीती नव्हती. भीती छिन्नीची होती. तांड्यात छिन्नी मारलेला रुपया कुणी हारात ओवत नाही. चांदी खरी निघाली तरी त्या रुपयावर कुणीतरी संशय घेतला होता, हे ती चीर जन्मभर सांगत राहते.

“नायक, माह्या याडीचा रुपया हाय हा,” मानीबाई म्हणाली. “चिरून खरा ठरला, तं माही पोरगी तो कोन्त्या तोंडानं घालन?”

याडी म्हणजे आई. सेवादासने थोडा विचार केला. मग माझ्या कडीला काळा दोरा बांधून त्याने स्वतःच्या हाताने गाठ मारली, म्हणजे अदलाबदल व्हायला नको. अमावस्येपर्यंत न चिरता खरेपणा दाखव, नाहीतर सोनार आहेच, असं सांगून त्याने हार मानीबाईच्या ओटीत घातला.

मानीबाई मला घेऊन फुलसावंगीच्या शाळेत गेली. तिथे सत्यशीलाबाई नावाच्या तरुण शिक्षिका होत्या. छप्पन साली त्यांच्या घराने बुद्धाचा धर्म घेतला, आणि त्यांचे वडील नागोराव यांनी पोटाला चिमटा घेऊन त्यांना शिकवलं होतं. शाळेत एक भिंग होतं. बाईंनी मला भिंगाखाली धरलं. मग माझ्या शेजाऱ्यांनाही एकेक करून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. आणखी एका रुपयाची अक्षरं त्यांना दुहेरी दिसली होती. हा खोटा असेल तर तोही खोटाच, असं त्या बोलून गेल्या.

मानीबाई ओसरीवर खाली बसली. “बाई, मी एका रुपयासाठी आलती,” ती म्हणाली, “तुमी दोन खोटे केले.”

मला बाईंचा फार राग आला. माझा तो शेजारी आणि मी यांत जमीनअस्मानाचा फरक होता, पण सांगणार कसं? बाईंनाही ते शब्द लागले. मानीबाईला त्यांनी आपल्या घरीच ठेवून घेतलं, आणि जेवताना वडिलांना सगळं सांगितलं. नागोराव कमी बोलणारे. ते एवढंच म्हणाले, “कोनी सांगतलं म्हनून मानू नोको, अन् एकडाव पाह्यलं म्हनूनई मानू नोको. करून पाह्य.”

दुसऱ्या दिवशी शाळेत मातीकामाचा तास होता. बाईंनी चिकणमातीचे गोळे करून घेतले. हारातला एक चांगला रुपया त्यांनी गोळ्यावर दाबला, उचलला, आणि जरासा सरकवून पुन्हा दाबला. गोळा उन्हात वाळवून त्या खळग्यात कणीक दाबली. कणीक काढली तेव्हा तिच्यावर दोन्ही अक्षरं सारखीच उंच, गोलसर आणि जाडजूड उठली होती, आणि दोहोंच्या मध्ये कोपऱ्यांवर बारीक खाच होती. अगदी माझ्यासारखी. मी बाजूला पडून हे पाहत होतो. स्वतःचा जन्म पुन्हा पाहायला मिळणं सगळ्यांच्या नशिबात नसतं.

मग बाईंनी दुसरा साचा केला, एकाच दाबाचा. त्यात कणीक दाबली आणि काढताना मुद्दाम हात हलवला. या वेळी अक्षराची एक बाजू चेपली गेली. शेजारी दुसरं अक्षर दिसत होतं खरं, पण ते उंच नव्हतं. ती नुसती सपाट पायरी होती, आणि मूळ अक्षर उलट बारीक झालं होतं. हा माझा तो दुहेरी दिसणारा शेजारी. त्याचा ठसा चांगला होता, पण छाप मारताना यंत्र सैल होऊन घसरलं होतं.

मित्रांनो, एवढं लक्षात ठेवलंत तर तुम्हीही नाणी ओळखू शकाल. दोन्ही अक्षरं उंच आणि गोल असतील, तर चूक ठशात आहे. एक अक्षर उंच आणि एक सपाट असेल, तर चूक छाप मारताना झाली. दोन्ही नाणी खरीच. फरक एवढाच, की ठशातली चूक त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर तशीच्या तशी येते, आणि घसरण ज्याची त्याची वेगळी असते.

“मावशी, माही चूक झाली,” सत्यशीलाबाई मानीबाईला म्हणाल्या. “आता याचा भाऊ शोधा लागते. दुसऱ्याच्या घरचा, अन् अस्साच.”

मग मानीबाईच्या तांड्यातल्या बायकांनी आपापले हार बाईंसमोर ठेवले. बाई भिंग घेऊन एकेक रुपया पाहू लागल्या. सुरुवातीला झिजलेली अक्षरंही त्यांना दुहेरी वाटत, मग हळूहळू नजर बसली. तडा, कमी कड, घसरण, झीज, सगळं त्या झटकन वेगळं करू लागल्या. पण माझा भाऊ काही सापडला नाही. बायका हार उचलून घरी गेल्या. मानीबाईने माझ्या कडीची गाठ चाचपून पाहिली.

अमावस्येला बाई स्वतः मानीबाईबरोबर ढाणकीकडच्या तांड्यात आल्या. सेवादासने गाठ तपासली. सोनार ऐरण मांडून बसला होता. बाईंनी मातीचे साचे दाखवले, कणकेचे रुपये दाखवले, सगळं नीट समजावलं. सेवादासने शांतपणे ऐकून घेतलं.

“बाई, कनकीचं समजलं,” तो म्हणाला. “आता चांदीचं दाखवा.”

बाईंनी या तांड्यातले हार पाहायची परवानगी मागितली. बायका कुरकुरल्या, पण नायकाने मान डोलावल्यावर पुढे आल्या. एकेक हार भिंगाखालून गेला. शेवटी भुरीबाई उरली. माझा हार माझ्या आईने दिलेला आहे, त्यात काय पाहायचं, असं ती पुटपुटली. तरी तिने तो काढून दिला.

हाराच्या मधोमध माझा भाऊ होता. तेच अक्षर, त्याच बाजूला, तेवढंच सरकलेलं. जन्मानंतर मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. मला ओरडावंसं वाटलं.

बाई मात्र ओरडल्या नाहीत. त्यांनी आम्हा दोघांना शेजारी ठेवलं आणि भिंग भुरीबाईच्या हातात दिलं. भुरीबाई खाली वाकली. तिने मला पाहिलं, त्याला पाहिलं, पुन्हा मला पाहिलं. वाचता येत नसलं तरी दोन चित्रं सारखी आहेत हे कुणालाही कळतं. भिंग तिच्याच हातात होतं. काही दिसत नाही असं ती म्हणाली असती, तर त्या क्षणी तिला कुणी अडवलं नसतं. ती सरळ झाली आणि नायकाला म्हणाली की तिच्याही गळ्यात तसाच रुपया आहे.

कुजबुज सुरू झाली. मागून एक जण म्हणाला की मग दोन्ही खोटे असतील, एकाच चोराने पाडलेले. सेवादास विचारात पडला. आता दोघेही खरे किंवा दोघेही खोटे, एवढं नक्की झालं होतं, आणि ते ठरवायला एकच छिन्नी पुरे होती. सोनाराने मला उचलून ऐरणीवर ठेवलं. ऐरण थंडगार होती. मानीबाईने डोळे मिटले.

तेवढ्यात माझ्यावर एक हात पडला. तो भुरीबाईचा होता.

“सुनेचा नोको,” ती म्हणाली. “माहा घ्या.”

“ईनबाई, तो तुमच्या याडीचा हाय,” मानीबाई घाईने विहिणीला म्हणाली.

“हाय ना. पन शक म्या घेतला,” भुरीबाई म्हणाली. “मंग छिन्नीबी माह्यावरच.”

तिने स्वतःच्या हाताने मला उचललं आणि माझ्या जागी भावाला ठेवलं. हातोडी पडली. मी तो आवाज अजून विसरलो नाही. सोनाराने चीर फाकवून उजेडात धरली. आत पांढरीशुभ्र चांदी होती, अगदी तळापर्यंत.

सेवादासने काळा दोरा तोडला. भुरीबाईने हार सोनीबाईच्या गळ्यात घातला, आणि आपला चिरलेला रुपयाही पुन्हा आपल्या हारात, मधोमधच ओवला. त्यावर तांड्यात कुणी अवाक्षर काढलं नाही.

मित्रांनो, माझं तुमच्याजवळ एकच मागणं आहे. एखादं नाणं, एखादी वस्तू, एखादं माणूस इतरांहून वेगळं दिसलं, तर लगेच खोटं म्हणू नका. उजेडात न्या, सावकाश पाहा, चुकलात तर पुन्हा पाहा. छिन्नी हाती घेण्याची घाई करू नका, कारण चिरलेलं परत सांधत नाही.

मी आजही सोनीबाईच्या गळ्यात आहे, अखंड. सासूसुना ज्वारी निवडायला समोरासमोर बसल्या, की आम्ही भाऊही समोरासमोर येतो. तो कधी तक्रार करत नाही. पण त्याच्या अंगावरची ती चीर मला रोज दिसते, आणि ती माझ्या वाट्याची होती.