निरंजनच्या घरची शिट्टी

शिट्ट्यांची अक्कल माझीच. दुसऱ्या कोणाच्या नावानं बोंब मारण्यात अर्थ नाही, म्हणून पहिलेच सांगून टाकते.

मी प्रेमला. रेल्वेच्या ऑफिसात तीस वर्षं काढली, रिटायर झाली, आणि घरी बसून भिंती काय मोजायच्या म्हणून ब्राह्मणपाऱ्यातल्या बायकांच्या सेवा क्लबात शिरली. आमच्या क्लबाचं शिवणकाम केंद्र उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात आहे, मिलच्या मागं मजुरांची वस्ती आहे तिथं. पायल मले तिथंच भेटली. बावीस-तेवीसची पोट्टी, हात असा साफ, की बाही एकदा दाखवली की दुसऱ्यांदा सांगाचं काम नाही. एक दिवस आली तं डाव्या हाताची दोन बोटं टम्म सुजलेली. म्हटलं, "काय झालं वं?" म्हणे, "पुन्हा दारात सापडली काकू." आता दारात काय माणूस दर पंधरा दिवसांनी सापडते? मीराबाईनं मले बाजूले नेलं. मीराबाई त्या वस्तीची मितानिन, घरोघरी फिरून गोळ्या-औषधं देणारी, सगळ्यांच्या चुलीपर्यंत तिची पोच. ती म्हणाली, नवरा मारते. निरंजन नाव त्याचं, मिलमध्ये शिफ्टवर आहे. पायलचं माहेरी कोणी उरलं नाही. एकदा पोलिसांत गेली, तं त्यांनी दोघांले समोरासमोर बसवून समझौता करून दिला, आणि घरी आल्यावर तिले दुप्पट मार पडला.

माझं डोकं फिरलं. पुढच्याच मीटिंगमध्ये मी उभी राहिली आणि वस्तीतल्या बायकांले वाटाले चाळीस शिट्ट्या मंजूर करून घेतल्या. साध्या नाही, ट्रॅफिक पोलिसवाल्या. नियम एकच. तीनदा शिट्टी वाजली, की जिले ऐकू आली तिनं हातातलं टाकून त्या दाराशी जायचं. शिव्या नाही, दगड नाही. दार उघडेपर्यंत नुसतं उभं राहायचं.

आणि चाललं ना बाप्पा! पहिल्यांदा पायलनं वाजवली तेव्हा पंधरा बायका जमल्या, एकीच्या हातात तं कणकेचा गोळा तसाच. निरंजननं दार उघडलं, पंधरा तोंडं पाहिली, आणि खाली मान घालून चहा प्याले निघून गेला. महिनाभर त्यानं तिले बोट लावलं नाही. पायल केंद्रात हसाले लागली. तिचे दात पुढं आहेत हे मले तेव्हा समजलं.

मग शिट्टी त्यानं स्वतः वाजवाले सुरुवात केली.

दुपारी चारले शिफ्टवरून यायचा, दारात खाट टाकायचा आणि तीनदा फुंकायचा. बायका धावत यायच्या. हा खाटेवर बसलेला, शिट्टी बोटात फिरवून राहिला. मराठी समजते त्याले, पण उत्तर हिंदीतच. "चेक कर रहा था दीदी. खराब तो नहीं हुई?" एकीचा भात जळला. एक लेकरू अर्ध्या आंघोळीत सोडून आली. मी तिथं असताना दोनदा झालं, दोन्ही वेळा मी धावली, दुसऱ्यांदा नालीत पाय गेला आणि गुडघा फुटला. तो उठून मले हात द्याले आला! मेला असा काही गोड बोलते, की ऐकणाऱ्याले वाटावं आपलंच चुकलं. पायल त्याच्यामागं दारात उभी होती. ती माझ्याकडं पाहतच नव्हती, त्याच्या हातातल्या शिट्टीकडं पाहून राहिली होती.

मी चेतनाताईंले सांगितलं. चेतनाताई आमच्या क्लबाच्या अध्यक्ष. त्यांनी माझाच रिपोर्ट उघडून माझ्यासमोर धरला. दोन महिन्यांत तेवीस वेळा शिट्टी वाजली, तेवीसही वेळा बायका पोचल्या. प्रतिसाद शंभर टक्के, क्लबाच्या वरच्या कमिटीनं कौतुकाचं पत्र पाठवलेलं. "प्रेमलाताई, एखादा नवरा मस्करी करते म्हणून एवढा चांगला प्रकल्प बदनाम काहून करता?" त्या तेवीसातल्या एकोणीस निरंजनच्या होत्या. रिपोर्टात मी तसं लिहिलं नव्हतं. रकानाच नव्हता तसा, आणि खरं सांगाचं तं मलेही ते शंभर टक्के आवडले होते.

मीराबाईले मात्र कळलं होतं. एक दिवस मशीनवरचा धागा ओवता ओवता म्हणाली, "दीदी, हा माणूस मस्करी नाही करून राहिला. हा आपल्याले थकवून राहिला. पहिले पंधरा जणी यायच्या, काल चौघी आल्या."

मले ते पटलं. पण माझा स्वभाव असा, की भीती वाटली की राग येते, आणि राग आला की तोंडातून हुकूम निघते. म्हटलं, "असं का? मग त्याच्या घरची शिट्टी वाजली तं कोणीच उठायचं नाही. बघू किती दिवस फुंकते. पाहणारंच नसलं तं नौटंकी कोणासाठी करन?"

"आणि खरंच पायलनं वाजवली तं?"

"तिले सांगून ठेव, तुले फोन कराचा."

"तिचा फोन त्याच्याजवळ राहते दीदी."

"मग तू रोज चक्कर मार ना तिच्याकडं! सगळं मीच सांगू काय?"

मीराबाई परत धागा ओवाले लागली. त्या दिवशी मी सगळ्या बायकांले बसवून सांगितलं, आणि वस्तीत काय लपून राहते? संध्याकाळपर्यंत त्याच्याही कानावर गेलं असेल.

पुढचे दोन दिवस त्यानं वाजवली. कोणी गेलं नाही. तिसऱ्या दिवसापासून बंद. मी अशी खूश, की घरी येऊन गोडाचा शिरा केला. आठवड्यानं निरंजन मले रस्त्यात भेटला, गाडी थांबवून हात जोडले. "दीदी, अब मैं नहीं बजाऊंगा. आप लोग परेशान होते हो." म्हटलं, चला, ताळ्यावर आला.

पायल त्याच दिवशी केंद्रात माझ्याजवळ येऊन बसली. कापड हातात, पण सुई चालून नव्हती राहिली. म्हणाली, "काकू, तो चूप आहे. मले भीती वाटून राहिली."

"चूप आहे तं चांगलंच ना वं!"

"काही बोलतच नाही. रोज दाराची कडी तपासते. काल नवीन लावली, आतून."

मी म्हटलं, "चोरांच्या भीतीनं लावली असेल." तेव्हाच तिले हाताले धरून माझ्या घरी आणाची होती. आणली नाही. दुसऱ्या दिवशी कमिटीवाले केंद्र पाहाले येणार होते, आणि मले बैठकीवरच्या चादरी बदलाच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. वीस बायका रांगेत बसलेल्या, चेतनाताई माइकवर, मी बाजूले. पायल नव्हती. मी मीराबाईले खुणेनं विचारलं, तिनं मान हलवली, की सकाळपासून दार बंद आहे.

आणि शिट्टी वाजली.

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. पाहुण्या बाईंनी विचारलं, "हीच का ती?" मीराबाई अर्धी उठली. मी तिच्या खांद्यावर हात दाबला. "बस. त्याची रोजची नौटंकी आहे. आज पाहुणे आहेत हे माहीत आहे त्याले." दुसरी वाजली. कोणी उठलं नाही. मी हसून पाहुण्यांले सांगत होती की कधी कधी लेकरं वाजवतात. तिसरी सुरू झाली आणि मध्येच तुटली.

निरंजन कधीच तोडत नव्हता. तिन्ही पुऱ्या करायचा. मीराबाईनं माझा हात झटकला आणि धावली, मग सगळ्याच. कडी आतून होती. आम्ही दार बडवलं, बायकांनी मिळून धक्के मारले. किती वेळ गेला मले सांगता येत नाही. त्यानं दार स्वतःच उघडलं. शर्टाची बाही खाली करत होता. "आज देर हो गई, दीदी," म्हणाला, तितकाच गोड.

पायल चुलीजवळ पडली होती.

जगली. पोलिसांनी त्याले नेलं. तिची एक बाजू उचलत नाही, डावा डोळा गेला. सरकारी दवाखान्यात चौथ्या दिवशी ती शुद्धीवर आली तेव्हा पलंगाजवळ मी होती आणि मीराबाई होती. तिच्या जिभेले शब्द सापडत नव्हते, एकेक जोडून बोलली.

"काकू, मी वाजवली होती. ऐकू नाही आली?"

मीराबाईनं माझ्याकडं पाहिलं. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगाची हिंमत झाली नाही.

"नाही वं पोरी," म्हटलं. "ऐकूच नाही आली."

तिनं चादरीवरून एक हात सरकवला. मग माझं बोट धरलं.

"मग मोठ्या आवाजाच्या आणा ना काकू," म्हणाली. "बाकीच्यांसाठी तरी."